कागदी लिंबू की लेमन? सोलापूरच्या अंगणासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात आमच्या कंपाउंडला लागून एक कागदी लिंबोणी आहे आणि गच्चीवर अर्ध्या पिंपात एक लेमन. येणारा-जाणारा दोन्ही झाडं बघतो आणि मृग लागला की विचारायला येतो, "आम्ही यातलं कोणतं लावू?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

लेमन आणि लाइम यांत फरक काय? आपलं नेहमीचं लिंबू यातलं कोणतं?

आपलं नेहमीचं लिंबू म्हणजे लाइम. लक्ष्मी मार्केटात ढीग लावून विकतात ते गोल, पातळ सालीचं, पिवळं कागदी लिंबू. शाळेत सगळ्यांना 'लिंबू म्हणजे लेमन' असं शिकवलं गेलं आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. त्यात परदेशात लाइम हिरवं असतानाच विकतात, म्हणून 'पिवळं ते लेमन, हिरवं ते लाइम' असा समज पसरला. कागदी लिंबूही झाडावर पुरतं पिकलं की पिवळंच होतं. रंगावरून काही ठरवू नका.

लेमन आकाराने मोठं, लांबट, जाड सालीचं असतं आणि टोकाला बोंडासारखा उंचवटा असतो. वास सौम्य, आंबटपणा थोडा कमी.

नात्याने दोघं सावत्र भाऊ आहेत. दोघांचा बाप एकच, महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे मातुलिंग आहे, तेच हे फळ. आया मात्र वेगळ्या. लेमनची आई आंबट संत्रं आणि कागदीची आई आग्नेय आशियाकडची एक रानटी लिंबूवर्गीय जात. म्हणून सालीचा वास थोडा जुळतो, पण स्वभाव जुळत नाही.

नर्सरीत रोप बघून कसं ओळखायचं?

फळ नसेल तर पान बघा. कागदीचं पान लहान, अंडाकृती. लेमनचं मोठं, लांबट. लेमनच्या नव्या फुटीवर आणि कळ्यांवर जांभळट छटा असते, कागदीची फुलं शुभ्र पांढरी आणि लहान असतात. पान चुरगाळून वास घ्या. कागदीचा वास ओळखायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

मग सोलापुरात कोणतं लावू?

जमिनीत एकच झाड लावणार असाल तर कागदी. मी यात आढेवेढे घेत नाही.

परदेशी माहिती वाचून लोक विचारतात की थंडीत कोणतं टिकेल. तिकडे हा प्रश्न खराच मोठा आहे. लाइम गारठ्याला फार हळवं, लेमन त्यापेक्षा थोडं काटक. पण आपल्याकडे दव पडलं तरी बर्फ पडत नाही. तेव्हा तो मुद्दा सोडून द्या. आपला प्रश्न एप्रिल-मेच्या ४२-४४ अंशांचा आहे, पाण्याचा आहे आणि जमिनीतल्या चुन्याचा आहे. उन्हाच्या कसोटीला कागदी उतरतं. लेमनची मोठी पानं दुपारच्या झळांनी करपतात आणि उघड्यावरच्या फळांच्या साली पश्चिमेच्या बाजूने भाजतात.

दुसरा मुद्दा रोगाचा. कागदी लिंबाला खैऱ्या, म्हणजे कँकर, फार लवकर होतो. तो पाऊस आणि वारा यांच्याबरोबर पसरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर हे मोठं संकट आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः सप्टेंबरचा. आपला दुष्काळ एवढ्या एका बाबतीत तरी उपयोगी पडतो.

आणि शेजारी बघा. विजापूरच्या गाडीने निघालात तर वाटेत इंडी रोड स्टेशन लागतं. त्या इंडी तालुक्यातल्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तीच हवा, तसंच ऊन. यापेक्षा मोठा दाखला कुठे शोधायचा?

म्हणजे लेमन लावूच नये का?

लावा, पण दुसरं झाड म्हणून. घरात केक, मार्मलेड करणारं कोणी असेल, सालीचा कीस लागत असेल तर लेमनला तोड नाही. साल जाड, तेलाने भरलेली आणि कमी कडू. मात्र त्याला दुपारी तीननंतर सावली मिळेल अशी जागा द्या. आमचं लेमन पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला आहे, टाकीच त्याची छत्री. आधी ते दक्षिणेच्या कठड्याजवळ होतं, तेव्हा मे महिन्यात त्याने निम्मी पानं टाकली होती.

'सीडलेस' म्हणून विकतात ते काय?

बहुतेक वेळा ताहिती, म्हणजेच पर्शियन लाइम. कागदी आणि लेमन यांच्या संकरातून आलेलं. फळ कागदीपेक्षा मोठं, बिया नाहीत, काटे कमी. घरात लहान मुलं असतील किंवा झाड कुंडीतच ठेवायचं असेल तर चांगला मधला मार्ग. पण पोह्यांवर पिळल्यावर जो वास नाकात जातो तो कागदीचाच. माझ्या आईने ताहिती एकदा चाखलं आणि म्हणाली, "आंबट आहे, पण लिंबू नाही."

कागदीत कोणती जात घ्यावी?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई शरबती आणि फुले शरबती या दोन्ही जाती आपल्या भागाला चालतात. साई शरबतीचं फळ मोठं, रसाळ आणि रोगांना त्यातल्या त्यात कमी बळी पडणारं. प्रमालिनी आणि विक्रम परभणीकडच्या निवडी, त्यांना फळं घोसांनी लागतात. घरच्यासाठी यातली कुठलीही घ्या. जातीपेक्षा रोप कुठून घेता हे महत्त्वाचं. कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राची रोपवाटिका सगळ्यात बरी.

बियांचं रोप घ्यावं की कलम?

इथे कागदीचा एक गुण कामाला येतो. त्याच्या एकाच बीमधून अनेकदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे असतात. आंब्याच्या कोयीसारखा जुगार इथे नाही. म्हणून कागदीचं बियांचं रोप लावायला हरकत नाही. फक्त फळाला चार-सहा वर्षं थांबावं लागतं. गुटी (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं रोप) किंवा कलम असेल तर तिसऱ्या वर्षी फळ दिसतं. लेमन मात्र कलमच घ्या.

कलम घेताना जोड बघा. जमिनीपासून वीतभर वर खोडाला वाकडेपणा किंवा गाठ दिसली पाहिजे. खालचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप, रंगपूर लिंबाचा असेल तर उत्तम, तो चुनखडी आणि क्षार बऱ्यापैकी सोसतो. जंबेरीचा खुंटही चालतो.

मी स्वतः फसलो आहे. रस्त्याकडेच्या एका गाडीवरून 'बारमाही लिंबू' म्हणून रोप आणलं. त्याला लटकवलेली दोन पिवळी फळं बघून मोहात पडलो. घरी आल्यावर कळलं की फळं दोऱ्याने बांधलेली होती. झाड जोमाने वाढलं, पाचव्या वर्षी खडबडीत, जाड सालीची, बियांनी भरलेली फळं आली. निव्वळ जंबेरी. खुंटावर बांधलेला कलमाचा डोळा कधीच मेला होता आणि मी पाच वर्षं खुंटाला पाणी घालत होतो. तेव्हापासून जोडाच्या खालून फूट आली की ती अंगठ्याने लगेच मोडतो.

आमच्या प्लॉटची माती चालेल का?

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सोलापुरात घराच्या जागेत साधारण तीन प्रकारची माती निघते. खोल काळी, पातळ काळी आणि खाली मुरूम, नाहीतर बांधकामाचा राडारोडा टाकून केलेली भर. लिंबाला मुरमाड, निचऱ्याची जमीन आवडते. काळ्या मातीत सप्टेंबरच्या परतीच्या पावसात पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात, बुंध्यातून डिंक वाहू लागतो. त्याला डिंक्या म्हणतात. अशा जमिनीत लोक खोल खड्डा घेऊन त्यात चांगली माती भरतात. तो खड्डा म्हणजे काळ्या चिकणमातीतलं भांडंच होतं, सगळं पाणी त्यातच साठतं. त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करा आणि त्यावर रोप लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

मुरूम असेल तर दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरा.

आता चुनखडीबद्दल. मातीत पांढरे खडे दिसतात का? मूठभर माती वाटीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता. नसेल तर लिंबूच पिळा. माती फसफसली तर चुना आहे. थोडी फसफस चालते, सोड्यासारखा फेस आला तर जमिनीत लावू नका, पिंपात लावा. चुन्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पिवळेपणा बघून युरिया टाकतात, त्याने काही होत नाही.

कंपाउंडच्या भिंतीजवळ तर हमखास हेच होतं. गवंड्याने पायाशेजारी ओतलेला सिमेंटचा माल, प्लास्टरचे तुकडे वर्षानुवर्षं तिथेच असतात. माझं पहिलं झाड भिंतीपासून दोन फुटांवर होतं, तिसऱ्या वर्षी गेलं. आताचं आठ फुटांवर आहे.

पानं पिवळी पडलीच आहेत, आता?

चिलेटेड लोह आणि जस्त असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य आणा, पाकिटावरच्या प्रमाणात नव्या पालवीवर संध्याकाळी फवारा. मातीतून द्यायचं असेल तर 'ईडीडीएचए' लिहिलेलं लोहच घ्या, साधं हिराकस (लोह सल्फेट) चुनखडीच्या मातीत चार दिवसांत निकामी होतं. जुनी पानं पिवळी आणि नवी हिरवी असतील तर प्रकरण वेगळं, तिथे नत्राची कमतरता आहे. शेणखत द्या.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. झाड जगेल का?

जगेल. मोठ्या झाडाला रोज पाणी लागतच नाही. रोजचं तांब्याभर पाणी फक्त वरची दोन बोटं माती भिजवतं, मुळं वर येतात आणि मेमध्ये भाजतात. आम्ही मोठ्या झाडाला उन्हाळ्यात नळाच्या दिवशी चार-पाच बादल्या एकदम देतो, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. नवीन रोपाला पहिल्या उन्हाळ्यात मात्र दिवसाआड बादलीभर हवंच.

आळं दुहेरी करा. बुंध्याभोवती फूटभर मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं गोल आळं, फांद्यांच्या घेराएवढं. खोडाला पाणी लागता कामा नये. झाड वाढेल तसं आळं बाहेर सरकवा. आळ्यात वाळला पाला, तुरीचं भूस, उसाचं पाचट जे मिळेल ते चार बोटं पसरा. कडबा नका सांगू, आजकाल तो जनावरांनाच महाग झालाय.

बोअरचं पाणी खारट असेल तर पावसाळ्यात एखादा जोराचा पाऊस आळ्यात मुरू द्या, साठलेले क्षार खाली धुऊन जातात. वॉटर सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको, त्यात सोडियम असतं. आरओ यंत्राचं फेकायचं पाणीही नको. भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी केळीला घाला, लिंबाला नको.

कुंडीत होईल का?

होईल. ताहिती आणि लेमन कुंडीत कागदीपेक्षा शहाण्यासारखे वागतात. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप मधोमध कापा आणि तळाला सात-आठ भोकं पाडा. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट साधारण सारख्या प्रमाणात घ्या. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. सुकली की ती भेगाळून कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी कडेने खाली निघून जातं. गच्चीच्या लादीवर पिंप थेट ठेवू नका, खाली विटा द्या. काळ्या पिंपाला बाहेरून चुना मारला तर मुळं कमी तापतात. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा.

फुलं भरपूर येतात, मग गळून जातात. असं का?

थोडी गळ ठरलेलीच आहे. झाड शंभर फुलांतली मोजकीच फळं धरतं. पण सगळीच गळत असतील तर बहुधा पाण्याचा घोळ आहे. आधी पंधरा दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी, असं केलं की झाड घाबरून फळं टाकतं. फुलं आली की पाणी हळूहळू वाढवा. त्या दिवसांत फवारणी करू नका, मधमाश्या यायला हव्यात. भरमसाठ शेणखत-युरिया मिळाला तरी झाड नुसतं पानं काढत बसतं.

बाजारात लिंबू महाग असतं तेव्हाच माझं झाड रिकामं का?

लिंबाचे तीन बहार. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास फुलतो तो आंबिया, पावसाच्या सुरुवातीला मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. एप्रिल-मेमध्ये लिंबू हवं तर हस्ताचा बहार धरावा लागतो आणि त्यासाठी त्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस पडतो! शेतकऱ्यांनाही हे जमत नाही, म्हणून तर उन्हाळ्यात भाव चढतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांना गेलं होतं ते आठवत असेल. घरच्या झाडाला ताण देण्याच्या फंदात पडू नका. पावसाळ्यात भरपूर लिंबं निघाली की रस काढा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि डब्यात भरून ठेवा. पुढच्या मेपर्यंत सरबताची सोय होते.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी बसलंय.

ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते आणि दोन रात्रींत रोप बोडकं करते. मोठ्या झाडावर चार असल्या तर मी सोडून देतो, फुलपाखरू देखणं असतं. लहान रोपावरच्या हाताने वेचा.

पानांवर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर नागअळी. जूनमध्ये कडुलिंबाच्या लिंबोळ्या गोळा करून वाळवा. कुटलेली ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण घालून नव्या पालवीवर फवारा. पानांवर, फळांवर पिवळ्या कडेचे खरबरीत तपकिरी डाग म्हणजे खैऱ्या. त्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळा.

बुंध्याला वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, बोर्डोपेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको.

फळ लागायला दोन झाडं लागतात का?

नाही. एकच पुरतं.

दारात लिंबाचं झाड लावू नये म्हणतात, खरं का?

पहिल्यांदा कोणतं झाड ते ठरवा. आपल्याकडे 'लिंबाचं झाड' म्हटलं की निम्म्या लोकांना पाडव्याला गुढीला लावायचा कडुलिंब दिसतो. लिंबोणीबद्दल म्हणत असाल, तर काट्यांमुळे दारात नको एवढंच मला पटतं. छाटलेली फांदी अंगणात पडते आणि वाळलेला काटा अनवाणी पायात सुईसारखा जातो. छाटणी झाली की लगेच झाडून घ्या. बाकी लोक शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि लिंबाचं झाड मात्र दारात नको म्हणतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

लोणच्याला कोणतं चांगलं?

कागदी. पातळ साल मिठात लवकर मुरते. लेमनची जाड पांढरी गर असलेली साल महिनोन्महिने कचकच लागते. सरबत, पोहे, मटणाबरोबरचा कांदा, सगळीकडे कागदीच. जीवनसत्त्व क लेमनमध्ये किंचित जास्त असतं, पण त्यासाठी झाड बदलण्याइतका फरक नाही.

एक सांभाळा. लिंबं तोडताना किंवा पिळताना रस हातावर सांडला आणि तसेच उन्हात गेलात तर दोन दिवसांनी तिथे काळे चट्टे किंवा फोडही येतात. माझ्या भाचीला असंच झालं तेव्हा तिला वाटलं गरम तेल उडालं. साबणाने हात धुऊनच बाहेर पडा.

आम्ही चुकून जमिनीत लेमन लावलंय, चार वर्षांचं झालं. काढून टाकू का?

अजिबात नको. पश्चिमेला शेवग्याचं किंवा हदग्याचं झाड लावा, वर्षभरात विरळ सावली मिळेल. तोवर मार्च ते जून हिरवी जाळी बांधा. उघड्या पडलेल्या खोडाला चुना फासा. फळं पिवळी व्हायची वाट न बघता, हिरव्यात पिवळी झाक आली की तोडा. आणि जमलं तर आठ-दहा फुटांवर एक कागदी लावून टाका.